तत्त्वज्ञानाचा वर्ग बंद होताना

बारावीचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या आवारात जी गर्दी उसळते, तिच्यात एक प्रश्न दरवर्षी हमखास ऐकू येतो. प्रवेशाचे अर्ज आता संगणकावर भरले जातात, याद्याही तेथेच लागतात. परंतु सल्ला विचारायला माणसे अजूनही माणसाकडेच येतात. तालुक्याच्या गावी एका कला महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविण्यात प्रस्तुत लेखकाची तीस वर्षे गेली. त्या तीसही वर्षांत विभागाच्या दारात उभा राहून कोणी ना कोणी पालक विचारीत आला : "सर, तत्त्वज्ञान घेऊन पोरगा पुढे काय करणार?" विचारणारा कधी तहसील कचेरीतला कारकून असे, कधी एस. टी.चा वाहक, कधी दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी. प्रश्नात उपहास क्वचितच असे. बहुधा काळजी असे, आणि पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणाऱ्या माणसाला ती करण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आज या प्रश्नाकडे पुन्हा वळण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. विचारणारे पालक अजून आहेत. परंतु ज्याच्या दारात उभे राहून विचारावे, तो विभागच अनेक ठिकाणी उरलेला नाही. प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही. वर्ष-दोन वर्षे कोणी तरुण तासिका तत्त्वावर येऊन शिकवितो. मग विद्यार्थी पुरेसे नाहीत या कारणाने पदवीचा मुख्य विषय म्हणून तत्त्वज्ञान देणे थांबते. ज्या महाविद्यालयातून मी निवृत्त झालो, तेथेही हेच घडले. विषय बंद करावा असा ठराव कोणी मांडला नाही, कोणी विरोधही केला नाही. दिवा विझविल्याचा दोष कोणावरच येत नाही. तेल घालायचे तेवढे थांबले की पुरते.

म्हणून हा विषय पदवीसाठी का शिकावा आणि तो तालुक्याच्या गावी का शिकविला जावा, या दोन प्रश्नांचा विचार एकत्रच केला पाहिजे. माझ्या मते त्यांचे उत्तरही एकच आहे.

दोन लंगडी समर्थने

तत्त्वज्ञानाच्या बाजूने हल्ली दोन समर्थने केली जातात. पहिले स्पर्धा परीक्षांचे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्र आणि सचोटी यांवरची २५० गुणांची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका सर्वच उमेदवारांना सोडवावी लागते. हे खरे आहे आणि महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत ते ठळकपणे छापलेही जाते. परंतु त्या परीक्षेला बसणाऱ्यांपैकी अखेर निवडले जाणारे मूठभर असतात. उरलेल्यांना आपण काय सांगणार? आणि सचोटीवरचे उत्तरही पाठ करून लिहिता येते, हे परीक्षकांना ठाऊक आहे तसेच परीक्षार्थींनाही ठाऊक आहे.

दुसरे समर्थन मनःशांतीचे. आपल्याकडे तत्त्वज्ञान म्हटले की अध्यात्म, आणि अध्यात्म म्हटले की समाधान, असे एक समीकरण रूढ झाले आहे. या समजुतीने विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याची लवकरच निराशा होते. तो शांती शोधायला येतो आणि आजवर निश्चिंतपणे बाळगलेल्या दोन-चार समजुतीही घालवून बसतो. अथेन्सच्या नागरिकांना सॉक्रेटिसपासून शांती लाभली असती, तर इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला विषाचा प्याला देण्याची गरज त्यांना भासली नसती.

नोकरीच्या बाबतीत आधी सरळ हिशेब मांडलेला बरा. तत्त्वज्ञानाच्या पदवीने आपोआप मिळणारी नोकरी कोणतीही नाही. शाळेच्या वेळापत्रकात हा विषय नाही. त्यामुळे इतिहासाच्या किंवा मराठीच्या पदवीधराला शाळेत शिक्षक होण्याची जी वाट असते, ती येथे अरुंद आहे. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान आहे. पण तेथल्या जागाही थोड्या. याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. बँका, सचिवालय, लोकसेवा आयोग यांच्या बहुसंख्य परीक्षांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. वकिलीकडे, वृत्तपत्रव्यवसायाकडे, समाजकार्याकडे जाणाऱ्यालाही मुख्य विषय आडवा येत नाही. तात्पर्य, भाकरीच्या दृष्टीने पाहिले तर तत्त्वज्ञान घेणारा कला शाखेतल्या इतर विद्यार्थ्यांपेक्षा फारसा मागे नसतो आणि फारसा पुढेही नसतो. तेव्हा निर्णय भाकरीवर न करता त्या तीन वर्षांत त्याच्या बुद्धीचे काय होते, यावर केला पाहिजे.

धूर, अग्नी आणि ओले लाकूड

ते काय होते, हे एका उदाहरणाने सांगतो. भारतीय न्यायशास्त्रात अनुमानाचे एक ठरीव उदाहरण आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती. विद्यार्थी हे ऐकून कंटाळतो. यात शिकण्यासारखे काय आहे, असे त्याला वाटते. मग त्याला विचारावे : जेथे अग्नी तेथे धूर, हेही खरे ना? निम्मा वर्ग होकार देतो. तेव्हा त्यांच्यापुढे नैयायिकांचाच तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवायचा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे धूर केवळ अग्नीमुळे येत नाही. सरपण ओले असेल तेव्हाच येतो. हे जे मधले, नजरेतून सुटलेले ओले लाकूड, त्याला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. एखादी गोष्ट दुसरीमागून येताना दिसली की घाईने संबंध जोडू नये. आधी मध्ये कोठे ओले लाकूड आहे का ते पाहावे, एवढीच ही शिकवण.

आता हेच बाजारात नेऊन पाहा. अमुक शिकवणी वर्गाची मुले गुणवत्ता यादीत झळकतात, म्हणून आपलाही मुलगा तेथे घातला की झळकेल, असे समजून पालक कर्ज काढतात. तो वर्ग मुळात चाळणी परीक्षा घेऊन हुशार मुलेच निवडतो, हे ओले लाकूड कोणी पाहत नाही. अमुक अधिकारी आला आणि त्या वर्षी पाऊस चांगला झाला. अमुक औषध घेतले आणि आठ दिवसांत सर्दी गेली. अमुक जातीच्या वस्तीत गुन्हे अधिक नोंदले जातात, म्हणून ती जातच तशी. भ्रमणध्वनीवर पहाटेपासून जे संदेश येऊन आदळतात, त्यांतले निम्मे या एका चाळणीतून खाली पडतील. ही चाळणी वापरायला ग्रंथालय लागत नाही, पैसा लागत नाही. सवय लागते, आणि ती सवय कोणीतरी लावावी लागते.

दुसरे उदाहरण पश्चिमेकडचे घेऊ. 'आहे' वरून 'असावे' निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात दाखवून दिले. वाक्य साधे आहे. परंतु कचेरीत टेबलाखालून पैसे घेणारा माणूस "सगळेच घेतात" असे सांगतो, तेव्हा तो 'आहे' वरून 'असावे' काढीत असतो. "हे पूर्वापार चालत आले आहे" असे म्हणणाराही तेच करतो. हा दोष ज्याला एकदा दिसला, तो पैसे घेणारच नाही अशी हमी मी देणार नाही. मात्र घेताना त्याला ते समर्थन पूर्वीसारखे बिनदिक्कत पुढे करता येणार नाही, एवढे निश्चित.

तिसरी सवय पूर्वपक्षाची. आपल्या शास्त्रकारांची रीत अशी, की आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, तो मांडील तितक्याच बळकटपणे, मांडायचे आणि मगच त्याचे खंडन करायचे. शंकराचार्यांनी सांख्यांना प्रधानमल्ल मानले. आखाड्यातला मुख्य मल्ल चीत केला की बाकीच्यांशी वेगळी कुस्ती नको, हा त्यामागचा विचार. यातली मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. दुबळा गडी निवडून त्याला लोळविण्यात पुरुषार्थ नाही. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' सुरू होतो तो चार्वाकापासून, आणि ज्या चार्वाकाचे मूळ ग्रंथ हरवले त्याची ओळख आपल्याला मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या पूर्वपक्षांतून होते. आजच्या सभांत आणि दूरदर्शन वाहिन्यांवरच्या वादांत प्रतिपक्षाचे म्हणणे सर्वांत मूर्खपणाच्या रूपात मांडून त्याची टर उडविणे हीच वादपद्धती झाली आहे. जो विद्यार्थी परीक्षेत आपल्याला न पटणाऱ्या मताची बाजू पाच पाने लिहितो आणि त्यावर गुण मिळवितो, त्याला ही टर पुरेशी वाटत नाही.

एका मुलीचा प्रश्न

या सवयी चांगल्या आहेत, पण त्या तालुक्याच्या गावीच कशाला? पुण्या-मुंबईत हा विषय आहे, ज्याला हवा त्याने तेथे जावे, असे विचारणारे विचारतील. उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात अकरा विद्यार्थी होते. त्यांत एका शेतमजुराची मुलगी होती. इतिहासाच्या जागा भरल्या म्हणून ती तत्त्वज्ञानाकडे आलेली. दोन वर्षे ती वर्गात बोलल्याचे मला आठवत नाही. एके दिवशी कर्मसिद्धांत शिकवीत होतो. जगातली विषमता ईश्वराच्या पक्षपातामुळे नाही, ज्याच्या त्याच्या पूर्वकर्मामुळे आहे. म्हणून ईश्वराकडे निर्दयतेचा दोष येत नाही, हे शंकराचार्यांचे प्रतिपादन फळ्यावर मांडले. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ते आमचंच पूर्वकर्म असेल, तर न देणाऱ्याची चूक काय?"

वर्ग गप्प झाला. मीही काही क्षण गप्प होतो. प्रश्न भाबडा नव्हता. सिद्धांताच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवणारा होता. पाणी नाकारणाऱ्याला दोषी म्हणावे, तर त्याने निवडलेले कृत्य हे त्या दुःखाचे कारण ठरते, आणि मग ते दुःख सर्वस्वी पूर्वकर्माचे फळ राहत नाही. त्याला निर्दोष म्हणावे, तर तो केवळ फळ पोचविणारा हमाल ठरतो, आणि अन्याय हा शब्दच निरर्थक होतो. त्या दिवसापासून पंधरवडाभर आम्ही तेवढेच वाचले. सिद्धांताच्या बाजूने दिले जाणारे उत्तर वाचले : नाकारणाऱ्यालाही त्याच्या कर्माचे नवे फळ भोगावे लागते. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारून कर्म म्हणजे जगातला नैतिक नियम असा जो अर्थ लावला, तोही वाचला. अखेर त्या मुलीने निबंध लिहिला. दुःखाचे स्पष्टीकरण देणे आणि दुःख देणाऱ्याला क्षमा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिलीच्या आडून दुसरी केली जाते, असा तिचा निष्कर्ष होता. मी तीस वर्षांत तपासलेल्या लिखाणांत तो निबंध वरच्या रांगेत बसेल.

तो प्रश्न तिला तत्त्वज्ञानाने दिला नव्हता; तो ती घरूनच घेऊन आली होती. घरी तो विचारला तर आई गप्प बसवी, गावात विचारला तर उद्धटपणा ठरे. तो मांडता येईल, त्याचे दोन्ही बाजूंनी परीक्षण होईल आणि त्यावर गुण मिळतील, अशी एकच जागा तिच्या आयुष्यात होती, आणि ती तिला एस. टी.च्या पासावर गाठता येण्याजोग्या अंतरावर होती. पुण्याला जा असे तिला सांगणे म्हणजे प्रश्न विचारू नकोस असे सांगणेच होते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वादविवाद चालत आले, त्या घरांतल्या मुलांना महाविद्यालयात तत्त्वज्ञान मिळाले नाही तरी भोजनाच्या पंगतीत थोडेबहुत मिळते. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांना ते वर्गातच मिळायचे. म्हणून विभाग बंद होतात तेव्हा नुकसान सर्वांचे सारखे होत नाही.

तीन वर्षे कशासाठी?

यावर एक सोईस्कर उत्तर तयार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवीच्या रचनेत मुख्य विषयाबरोबर गौण विषय आहेत, इतर शाखांतले विषय निवडण्याची मोकळीक आहे, मूल्यशिक्षण आहे, भारतीय ज्ञानप्रणाली आहे. तेव्हा तत्त्वज्ञान गेले कोठे? ते तर सर्वांपर्यंत पोचले, असे म्हटले जाते. विज्ञानाच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने दोन-चार श्रेयांकांचे तत्त्वज्ञान घ्यावे, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण ती मुख्य विषयाची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याचे कारण या विषयाच्या स्वभावात आहे.

पहिल्या वर्षी विद्यार्थी स्वतःच्या मतांवर ठाम असतो. दुसऱ्या वर्षी त्याला कळते की प्रत्येक मताला प्रतिमत आहे. देकार्तला लॉक खोडतो, लॉकला बर्क्ली, बर्क्लीला ह्यूम. बौद्धांना नैयायिक, नैयायिकांना अद्वैती. मग तो म्हणू लागतो, की सारे ज्याच्या त्याच्या दृष्टिकोनावर आहे, खरे-खोटे असे काही नाही. ही अवस्था अनिवार्य आहे आणि धोक्याचीही आहे. 'सर्वच मते सारखी' असे मानणारा माणूस पहिल्यापेक्षा शहाणा झालेला नसतो, उलट अधिक सोईस्कर झालेला असतो. त्याच्यापुढे कोणताही पुरावा ठेवा, तो हसून म्हणेल, हे तुमचे मत झाले. तिसऱ्या वर्षी, एखादा ग्रंथ ओळीनिशी वाचताना, त्याला हळूहळू उमगते की काही युक्तिवाद इतरांपेक्षा बरे असतात, का बरे असतात ते सांगता येते, आणि सांगता येते म्हणूनच वाद घालण्यात अर्थ आहे.

हा प्रवास दुसऱ्या टप्प्यावर सोडून देणे म्हणजे नदीच्या मध्यावर होडीतून उतरणे. दोन सत्रांचा ओझरता परिचय विद्यार्थ्याला नेमका तेथे आणून सोडतो. प्रश्न विचारण्याची धिटाई त्याला येते, उत्तराची परीक्षा करण्याची शिस्त येत नाही. मुख्य विषय हवा तो यासाठी.

टेंभू आणि अंमळनेर

तत्त्वज्ञान हे सुखवस्तू शहरी माणसाचे चोचले आहे, अशी एक समजूत आहे. महाराष्ट्राचा इतिहास तिच्या विरुद्ध साक्ष देतो. कराडजवळच्या टेंभू गावच्या एका गरीब घरातला मुलगा हाल सोसून डेक्कन महाविद्यालयापर्यंत पोचला, तेथे त्याने एम. ए.साठी इतिहासाबरोबर तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे त्याने आईला आधीच पत्राने कळविले होते, ही हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. गोपाळ गणेश आगरकरांना चाळिशीही पाहता आली नाही. १८९५ साली ते गेले. परंतु १८८८ साली सुरू केलेल्या 'सुधारक'मधून त्यांनी रूढींची जी झडती घेतली, तिच्यामागे मिल आणि स्पेन्सर यांचे परिशीलन होते, हे उघड आहे. 'तत्त्वज्ञान घेऊन पोरगा काय करणार' हा प्रश्न आगरकरांच्या आईच्याही मनात आलाच असेल. पत्र तिच्या बाजूने वाचले, तर तिची काळजी आपल्या दारातल्या पालकाच्या काळजीहून निराळी दिसत नाही.

दुसरी साक्ष खानदेशातली. १९१६ साली अंमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ या गिरणीमालकांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. बोरी नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी देशभरातून अभ्यासक येऊन राहत. १९३०च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वचिंतक काही काळ त्या संस्थेचा प्रमुख होता. साने गुरुजी तरुणपणी तेथे अध्ययनासाठी होते. तेथून निघणारे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक जगभरच्या अभ्यासकांना परिचित होते. कापसाचा व्यापार आणि वेदान्ताची चर्चा एकाच गावात नांदू शकली, कारण कोणाला तरी त्या चर्चेसाठी पदरचे पैसे खर्चावेसे वाटले. शंभर वर्षांपूर्वी एका गिरणीमालकाला जे परवडले, ते आज शासनाला परवडत नाही असे म्हणणे जड जाते.

कौटिल्याने राजपुत्राच्या शिक्षणात चार विद्या सांगितल्या. त्रयी, वार्ता आणि दंडनीती यांच्याही आधी त्याने आन्वीक्षिकीला स्थान दिले, आणि इतर साऱ्या विद्यांना उजेड दाखविणारी म्हणून तिचा गौरव केला. सांख्य आणि योग यांच्याबरोबर लोकायतालाही त्याने आन्वीक्षिकीत बसविले, हे विशेष. ज्या व्यवस्थेत प्रत्येक मतदार राजा आहे असे आपण म्हणतो, तिच्यात राजपुत्राची विद्या प्रजेच्या मुलांना नाकारावी, हे काही तर्काला धरून नाही.

दोष आमचाही

एवढे सांगितल्यावर आम्हा अध्यापकांचा दोष लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्ग ओस पडले ते केवळ शासनामुळे नव्हे. आम्ही वर्षानुवर्षे टिपणे उतरवून दिली. मायावाद स्पष्ट करा, कार्यकारणभावावर टीप लिहा, असे पाच-सहा प्रश्न आलटून पालटून विचारले. विद्यार्थ्यांनी बाजारातली मार्गदर्शके पाठ केली आणि प्रथम श्रेणी मिळविली. तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कित्येकांनी एकाही तत्त्वज्ञाचे एक पानही मुळातून, निदान चांगल्या अनुवादातून, वाचलेले नव्हते. पोहण्याचा इतिहास शिकवायचा आणि विहिरीत उतरू द्यायचे नाही, असला हा प्रकार होता. विद्यार्थ्याला तो कंटाळवाणा वाटला, यात नवल नाही.

मराठीत साधने नाहीत ही सबबही टिकणारी नाही. लोकमान्यांनी १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध केले, त्यात कांट, मिल आणि ग्रीन यांची मराठीत चर्चा आहे. दे. द. वाडेकरांच्या संपादकत्वाखाली 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तीन खंडांत निघाला. मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे यांनी काटेकोर विचार स्वच्छ मराठीत कसा मांडावा, याचा वस्तुपाठच घालून दिला. वाईचे 'नवभारत', पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे 'परामर्श', देशपांडे यांनी १९९० साली नागपुरात सुरू केलेला 'आजचा सुधारक' या नियतकालिकांचे जुने अंक चाळले, तरी पदवीच्या वर्गांना पुरेल एवढे वाचन सहज निघेल. विंदा करंदीकरांनी तर 'अष्टदर्शने'त सात युरोपीय तत्त्वज्ञ आणि चार्वाक यांना मराठी पद्यात आणून बसविले. साधने होती, ती वर्गात आणण्याचे कष्ट आम्ही थोडे घेतले.

काय करता येईल?

पहिली गोष्ट जागांची. विद्यार्थिसंख्येचा एकच निकष सर्व विषयांना लावला, तर लहान विषय मरणारच. अकरा विद्यार्थ्यांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, हा आक्षेप मी हलका समजत नाही. परंतु या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. एक शिक्षक आणि कपाटभर पुस्तके लागतात. आणि तोच शिक्षक विधीच्या विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र, परिचर्येच्या विद्यार्थिनींना व्यवसायनीती आणि इतर शाखांना नव्या धोरणातले गौण विषय शिकवू शकतो. प्रत्येक महाविद्यालयात विभाग हवा, असा माझा आग्रह नाही. प्रत्येक जिल्ह्यात, मुख्य शहराबाहेरच्या निदान दोन-तीन महाविद्यालयांत, कायम नेमणुकीचा शिक्षक आणि मुख्य विषयाची सोय असावी, एवढेच मागणे आहे. तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन तीन गावे फिरणाऱ्या तरुणाकडून विद्यार्थ्याच्या मनातला प्रश्न बाहेर येण्याची वाट पाहण्याची अपेक्षा करता येत नाही. वर सांगितलेल्या मुलीला बोलती व्हायला दोन वर्षे लागली होती.

दुसरी गोष्ट परीक्षेची. दरवर्षी एक छोटा ग्रंथ किंवा ग्रंथातला भाग मुळाबरहुकूम वाचावा, त्यावर निबंध लिहावा आणि तोंडी परीक्षेत त्याचे समर्थन करावे. तोंडी परीक्षेत मार्गदर्शक कामाला येत नाही. आता तर यंत्राला सांगितले की ते क्षणात निबंध लिहून देते. तेव्हा लिहिलेल्याची जबाबदारी समोरासमोर घेता येणे, हीच खरी कसोटी उरली आहे.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. तत्त्वज्ञान घ्या, पण त्याच्या जोडीला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, संस्कृत किंवा पाली असा एक ठोस विषय घ्या. विचाराला विषयवस्तू लागते. नुसत्या धारेने काही कापले जात नाही. आणि सोपा म्हणून हा विषय घेऊ नका. तो सोपा वाटला, तर तो तुम्हांला शिकविला गेला नाही असे समजा.

दारात उभ्या राहणाऱ्या त्या पालकाला मी इतकी वर्षे निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतली काही आज मला आठवली तरी संकोच वाटतो. आज विचारले तर मी म्हणेन : तुमचा मुलगा पुढे काय करील ते मला सांगता येणार नाही. बँकेत जाईल, शेती करील, वकील होईल. पण उद्या कोणी त्याच्यापुढे स्वस्त आशा ठेवली, कोणी त्याला दुसऱ्याचा द्वेष करायला सांगितले, किंवा तुझ्या वाट्याला आले ते तुझ्याच कर्माचे असे बजावले, तर तो मान डोलावण्यापूर्वी थांबेल आणि 'कशावरून?' असे विचारील. एवढे शिकविण्याची जबाबदारी मी घेतो.

हे उत्तर पटले नाही, तर त्या पालकाने मुलाला खुशाल दुसऱ्या विषयाकडे न्यावे; तो त्याचा हक्क आहे. परंतु प्रश्न घेऊन तो येईल तेव्हा त्या दाराला कुलूप नसावे. ते लावायचेच असेल, तर निदान कोणीतरी तसा ठराव मांडावा, त्याखाली सही करावी आणि कारण द्यावे.